भुकटी वाहती करताना : पावडर कोटिंगच्या पंपाचा इतिहास

घरातल्या लोखंडी कपाटावर, फ्रिजच्या दारावर, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर किंवा सायकलच्या दांड्यावर बोट फिरवून पाहिले, तर बोटाखाली बहुतेक वेळा जो थर लागतो तो ब्रशने लावलेला रंग नसतो. तो कोरड्या भुकटीचा, भट्टीत वितळून एकजीव झालेला थर असतो. त्याची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. मराठीत त्याला वेगळे नाव पडलेच नाही. भोसरीपासून वाळूजपर्यंत आणि सातपूरपासून शिरोलीपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत 'पावडर कोटिंग' अशाच पाट्या दिसतात.

या तंत्राचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. त्यात रसायनांचे श्रेय रसायनशास्त्रज्ञांना आणि बंदुकीसारख्या फवारणीयंत्राचे, म्हणजे 'गन'चे श्रेय विद्युत अभियंत्यांना मिळाले आहे. डब्यातली भुकटी गनपर्यंत नेणारा, हाताच्या पंजात मावेल एवढा पंप मात्र या इतिहासात कुठे फारसा येत नाही. माझे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे आणि आवड तंत्रज्ञानाच्या इतिहासाची, म्हणून जुनी पेटंटे चाळताना माझे लक्ष या पंपाकडे वारंवार गेले. थर सारखा बसला की नाही याचा निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागतो. आणि थर सारखा बसला नाही, तर दोष कुणाच्या माथी मारायचा हा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. म्हणून या लेखात त्या पंपाचा इतिहास मांडतो आहे.

शीग, शेर आणि भुकटीचा स्वभाव

पाणी पंपाने ओढता येते, कारण पाण्याचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाला दाब पोचवतो. भुकटी तसे करत नाही. आपल्या आजी-पणजींना हे पुस्तकाविना ठाऊक होते. धान्य पायलीने, शेराने मोजत. पण पीठ मोजायची वेळ आली की भांडण ठरलेले. माप हलवले, आपटले, की तेच पीठ खाली बसते आणि भरलेले माप उणे दिसते. शीग लावून द्यायचे की सपाट, यावर किती घरांत उसने देण्याघेण्याची कटुता आली असेल! पिठाच्या दोन दाण्यांमध्ये हवा किती आहे, यावर त्याचे आकारमान ठरते आणि ती हवा दर घटकेला बदलते. भुकटीच्या पंपापुढची अडचण नेमकी हीच आहे.

दुसरे उदाहरण याच सणाचे. शिरगोळ्याची रांगोळी चिमटीतून एकसारखी सुटते आणि रेघ अखंड येते. तीच रेघ कोरड्या गव्हाच्या पिठाने काढून पाहावी. पीठ आधी अडते आणि मग भसकन पडते. दोन्ही कोरड्या भुकट्याच, पण एक वाहते आणि दुसरी अडखळते. फरक कणांच्या आकारात आहे. दोन कणांना एकमेकांकडे खेचणारे सूक्ष्म आकर्षण कणाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होते, तर कणाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. कण निम्मा केला, तर चिकटण्याची ओढ निम्मी होते, पण त्याला खाली ओढणारे वजन एक अष्टमांश होते. म्हणजे वजनाच्या तुलनेत चिकटपणा चौपट झाला. रांगोळीचा दाणा वजनामुळे सुटा राहतो. पिठाचा कण शेजाऱ्याला धरून बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभियंत्यांनी या स्वभावाची मोजमापे घ्यायला सुरुवात केली. १८८५ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी दाखवले की दाटून बसलेल्या वाळूला आकार बदलायचा असेल, तर तिला आधी फुगावे लागते. समुद्रकिनारी ओल्या वाळूत पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती यामुळेच. १८९५ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन इथल्या एच. ए. यानसेन या अभियंत्याने धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून सिद्ध केले की कोठारात धान्याची उंची वाढवत नेली, तरी तळावरचा दाब एका मर्यादेनंतर जवळजवळ वाढत नाही. उरलेले वजन भिंती घर्षणाने पेलतात. पाण्याच्या टाकीचा नियम धान्याला लागू पडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

भुकट्यांची सर्वांत उपयोगी वर्गवारी मात्र बरीच उशिरा आली. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातील डेरेक गेल्डार्ट यांनी कणांचा आकार आणि घनता यांवरून भुकट्यांचे ए, बी, सी आणि डी असे चार गट पाडले. हवा दिली की मऊसूत फुगणाऱ्या भुकट्या ए गटात, वाळूसारख्या बी गटात, गव्हाच्या दाण्यासारख्या जाड डी गटात आणि पिठासारख्या चिकट, हवेला दाद न देणाऱ्या सी गटात. कोटिंगच्या पावडरीचे कण सरासरी ३० ते ५० मायक्रॉनचे असतात आणि त्यांत १० मायक्रॉनखालचा बारीक चुराही मिसळलेला असतो. म्हणजे ही पावडर ए आणि सी या गटांच्या सीमेवर उभी असते. मनात आले तर वाहते, नाही तर अडून बसते.

हवेच्या पाठीवर दाणे

भुकटी पाण्यासारखी वाहत नसेल, तर तिला वाहत्या हवेवर बसवावे, ही कल्पना पंपाच्या मुळाशी आहे. तिचा एक धागा मोडेनाच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरीपर्यंत जातो. १७९७ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा विषय होता, वाहता प्रवाह शेजारच्या स्थिर द्रवाला आपल्याबरोबर कसा ओढून नेतो. त्याआधी १७३८ मध्ये डॅनिएल बर्नुलीने वेग आणि दाब यांचे नाते मांडले होतेच. अरुंद गळ्यातून प्रवाह वेगाने गेला की तिथला दाब उतरतो आणि बाजूला भोक असेल तर तिथून काहीतरी आत ओढले जाते. क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी अभियंत्याने १८८७ च्या सुमारास अशा गळ्याचा पाणी मोजण्यासाठी उपयोग केला आणि उपकरणाला व्हेंचुरीचे नाव दिले. तेव्हापासून ते नाव या गळ्याला चिकटले आहे.

१८५८ मध्ये फ्रान्सच्या आँरी जिफारने याच तत्त्वावर वाफेच्या इंजिनासाठी इंजेक्टर केला. एकही हलता भाग नसताना वाफेची धार पाणी ओढून बॉयलरमध्ये ढकलते, हे त्या काळी अनेकांना जादूसारखे वाटले. 'हलता भाग नाही' हे शब्द लक्षात ठेवावेत. शंभर वर्षांनंतर पावडरीच्या पंपाला लोकप्रियता मिळाली ती याच गुणामुळे.

दाणे हवेने नेण्याचे प्रयोग वेगळ्याच गरजांतून झाले. १८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमनने वाळूचा झोत मारून काच आणि दगड कोरण्याचे पेटंट घेतले. १८९० च्या दशकात लंडनच्या मिलवॉल गोदीत एफ. ई. डकहॅम या अभियंत्याने जहाजातले धान्य हवेच्या शोषणाने वर काढणारी यंत्रणा उभारली. १९२० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या फुलर कंपनीचा 'फुलर-किनियन पंप' सिमेंट आणि दळलेला कोळसा नळातून नेऊ लागला. त्यात मळसूत्र भुकटी पुढे रेटते आणि पुढच्या टोकाला हवा ती सैल करते.

याच काळात जर्मनीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२ मध्ये कोळशाच्या चुऱ्यातून खालून वायू सोडला आणि सारा थर उकळत्या पाण्यासारखा खळखळू लागला. १९२६ मध्ये लॉयना इथे या पद्धतीचे मोठे वायुजनक यंत्र चालू झाले. पुढे एमआयटीतील वॉरन लुइस आणि एडविन गिलिलँड यांच्या कामाच्या आधारे मे १९४२ मध्ये अमेरिकेतल्या बॅटन रूज इथे तेलशुद्धीकरणाचा असाच उत्प्रेरक कारखाना उभा राहिला. महायुद्धाला लागणाऱ्या विमानी इंधनामागे ही खळखळती भुकटी होती. सच्छिद्र तळातून हवा दिली की भुकटी द्रवासारखी सपाट पातळी धरते, तीत वस्तू बुडते आणि भांडे तिरपे केले तर ती वाहते. पीठ आणि पाणी यांमधली भिंत इथे तात्पुरती पडली.

बुडवण्याकडून फवारण्याकडे

पावडर कोटिंगची सुरुवात या खळखळत्या थरातूनच झाली. जर्मनीतल्या क्नापझाक-ग्रीसहाइम कंपनीतील एर्विन गेमर यांनी १९५३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत ते १९५८ मध्ये मिळाले. पद्धत सोपी होती. लोखंडी वस्तू आधी तापवायची, मग हवेने फुगवलेल्या प्लास्टिकच्या भुकटीत बुडवायची. गरम पृष्ठभागाला लागलेले कण वितळून चिकटतात. थर जाड बसायचा, अनेकदा पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक. विजेच्या उपकरणांचे निरोधन आणि गंजापासून संरक्षण यांसाठी ते योग्य होते. कपाटाच्या दारासाठी मात्र तेवढा जाड थर महागडा आणि बोजड.

इथे एक मुद्दा नोंदवायला हवा. गेमर यांच्या पद्धतीत पंपाची गरजच नव्हती, कारण वस्तू भुकटीकडे जात होती. पंपाचा जन्म झाला तो भुकटीने वस्तूकडे जायचे ठरल्यावर.

ते ठरले विजेमुळे. १७७७ मध्ये ग्योटिंगेनच्या लिश्टेनबर्गने विद्युतभारित पृष्ठभागावर भुकटी उडवून तिच्या चांदण्यांसारख्या आकृत्या पाहिल्या होत्या. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने त्याच गुणातून पहिली झेरॉक्स प्रत काढली. त्याने वापरलेली भुकटी लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजुकांची होती. अमेरिकेत हॅरॉल्ड रान्सबर्गने पातळ रंगाच्या थेंबांना विद्युतभार देऊन ते वस्तूकडे खेचण्याची पद्धत विकसित केली. या वाटांच्या पुढे, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या 'सामेस' या स्थिर विद्युतयंत्रे करणाऱ्या कंपनीने कोरड्या भुकटीसाठी गन आणली. गनच्या टोकाशी कित्येक हजार व्होल्टचा दाब असतो, कणांवर भार बसतो आणि जमिनीला जोडलेल्या थंड वस्तूवर ते जाऊन चिकटतात. मग वस्तू १८० ते २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटे ठेवली, की थर वितळून पक्का होतो. आता ६० मायक्रॉनचा थर शक्य झाला आणि त्याचबरोबर एक नवी अट आली. गनला दर सेकंदाला सारखी पावडर मिळाली पाहिजे.

गळा आणि त्याची झीज

त्यासाठी जो पंप रूढ झाला तो जिफारच्या इंजेक्टरचा थेट वंशज आहे. खालच्या हॉपरमध्ये पावडर हवेने फुगवलेली असते, म्हणजे विंकलरचा खळखळता थर. तीत एक शोषणनळी उतरते. वरच्या बाजूला दाबाखालच्या हवेची बारीक धार सुटते आणि समोरच्या अरुंद गळ्यात शिरते. धारेभोवती दाब उतरतो, नळीतून पावडर वर ओढली जाते, हवेत मिसळते आणि लवचिक होजमधून गनकडे जाते. पुढे आणखी थोडी हवा मिसळतात, म्हणजे होजमधला वेग टिकतो. ओढणारी हवा आणि पातळ करणारी हवा अशा दोन चाव्यांवर सारा खेळ.

आकडे मांडले की या पंपाचे स्वरूप ध्यानात येते. समजा, गनला मिनिटाला १५० ग्रॅम पावडर हवी आहे, म्हणजे तासाला ९ किलो. एकूण हवा तासाला साधारण साडेचार घनमीटर लागते. पावडरीच्या घन कणांचे स्वतःचे आकारमान तासाला सहा लिटर भरते आणि त्यांना नेणारी हवा साडेचार हजार लिटर! एका वाटेकरूसाठी सातशे-साडेसातशे भोई. ११ मिलिमीटर व्यासाच्या होजमध्ये या हवेचा वेग सेकंदाला १३ मीटर, म्हणजे ताशी सत्तेचाळीस किलोमीटर होतो. वेग याहून फार उतरला की कण होजच्या तळाला बसतात, ढीग साचतो, वाट अरुंद होते, मागे दाब वाढतो आणि ढीग एकदम सुटतो. गन क्षणभर गप्प होते आणि मग भसकन ओकते. वेग फार वाढवला, तर पावडरीचा मारा गळ्यात आणि वळणांवर इतका जोरात होतो की कण तिथेच चेपून, वितळून चिकटतात. शिवाय गनमधून सुटणारा झोरदार वारा वस्तूवर बसलेली पावडर उडवून लावतो. या दोन संकटांमधली पट्टी अरुंद आहे. पंपाचा आराखडा म्हणजे ती पट्टी थोडी रुंद करण्याची धडपड.

ही धडपड तीन बाजूंनी झाली. पहिली, पावडरीच्या बाजूने. १९४२ मध्ये जर्मनीत हॅरी क्लोएफर यांनी ज्वालेतून अतिसूक्ष्म सिलिका बनवण्याची पद्धत शोधली होती. तिची चिमूटभर मात्रा पावडरीत मिसळली, की मोठ्या कणांमध्ये सूक्ष्म कणांचे अंतर राहते आणि चिकटपणा घटतो. दुसरी बाजू मार्गाची. होज आखूड, वळणे मोठ्या घेराची आणि वेटोळे नकोत. तिसरी बाजू गळ्याची. तो घसरट प्लास्टिकचा, बदलता येणारा तुकडा केला. कारखान्यात त्याला 'इन्सर्ट' म्हणतात.

या पंपाची सारी करुण कहाणी त्या इन्सर्टमध्ये आहे. पंपात हलता भाग नाही हे खरे, पण झिजणारा भाग आहे. रंगद्रव्याचे आणि भरणद्रव्यांचे कठीण कण रोज त्यातून घासत जातात. गळा रुंद होतो, शोषण उतरते आणि त्याच चावीवर आज मिळते तेवढी पावडर महिन्याभराने मिळत नाही. ही घट इतकी सावकाश होते की ती कुणाच्या नजरेत येत नाही.

धुरके, तेल आणि उरलेली पावडर

हा पंप जगभर पसरला त्याला हवेच्या प्रदूषणाचे कारण आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले की लॉस एंजेलिसच्या धुरक्यात हायड्रोकार्बन आणि सूर्यप्रकाश यांच्यातल्या रासायनिक क्रियेचा हात आहे. १९६६ मध्ये तिथल्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेने रंगांतल्या द्रावकांवर निर्बंध घालणारा 'नियम ६६' केला. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलियमपासून होणारे द्रावकही महागले. पावडरीत द्रावक नाहीच. शिवाय वस्तूवर न बसलेली पावडर बूथमधून गोळा करून पुन्हा वापरता येते, हे तिचे मोठे आकर्षण ठरले.

पण या काटकसरीची किंमत पंपाला मोजावी लागली. मोठे कण वस्तूवर चांगले बसतात, तर बारीक कण वाऱ्याबरोबर बाजूला जातात. म्हणून गोळा केलेल्या पावडरीत बारीक चुऱ्याचे प्रमाण वाढलेले असते. ती नव्या पावडरीत मिसळली की मिश्रण सी गटाकडे झुकते. सकाळी पंपाला मिळालेली पावडर आणि संध्याकाळी मिळालेली पावडर एकच नसते, डब्यावरचे लेबल मात्र तेच असते.

आषाढातली हवा

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. आषाढात मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबून एक अष्टमांश करतो. दाबलेली हवा पुन्हा ३० अंशांवर आली, की तिच्या उरलेल्या जागेत चार ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. वीस ग्रॅमहून अधिक पाणी गळून पडते. एका गनच्या साडेचार घनमीटर हवेचा हिशेब केला, तर तासाला जवळजवळ अर्धा पेला पाणी. हे पाणी ड्रायरने काढले नाही, तर ते थेट पावडरीत जाते. युरोपात आखलेला पंप इथे आला तो तिथली हवा गृहीत धरून. इथे त्याच्याआधी चांगला ड्रायर हवा, हे ज्या कारखान्यांनी ओळखले त्यांचा पावसाळा सुखाचा गेला.

ज्यांनी ओळखले नाही, तिथे ही उणीव माणसाने भरून काढली. जॉबवर्कच्या लहान शेडमध्ये मी पाहिलेले चित्र असे. हुकांना टांगलेले जॉब पुढे सरकत असतात आणि तोंडाला मास्क लावलेला गनमन मनगट फिरवत असतो. गन मध्येच थुंकली की तो हात झटकन मागे घेतो. धार मंदावली की एक फेरी जास्त मारतो. एका शेडमधल्या गनमनला मी विचारले, की धार कमी झाली हे त्याला कसे कळते. "साहेब, होज हातात असतो ना, तो सांगतो," एवढेच तो म्हणाला. होजची थरथर बदलली की त्याला पुढच्या क्षणीची कल्पना येत होती. पंपाने जे काम करायला हवे होते ते त्याचे मनगट करत होते.

हिशेबाने पाहिले तर हे मनगट काय पेलते ते कळते. ६० मायक्रॉनच्या थराला दर चौरस मीटरला सुमारे ९० ग्रॅम पावडर बसावी लागते. गन सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल आणि धार सेकंदातून दोनदा चढउतार करत असेल, तर पत्र्यावर दर २५ सेंटिमीटरला जाड-पातळ पट्टा उमटतो. ओल्या पावडरीचा पट्टा डोळ्यांना दिसत नाही, तो भट्टीतून बाहेर आल्यावर दिसतो. मग जॉब रिजेक्ट होतो आणि 'हात खराब आहे' असा शेरा मिळतो. इन्सर्ट किती झिजला आहे, हे त्या वेळी बहुधा कुणी पाहत नाही.

मोजणारा पंप

व्हेंचुरी पंप पावडर मोजत नाही, तो तिला ओढतो. किती ओढली जाईल हे हवेचा दाब, गळ्याची झीज, हॉपरमधली पातळी, होजची लांबी आणि पावडरीचा त्या दिवसाचा स्वभाव या सगळ्यांवर अवलंबून. पुढच्या पिढीच्या अभियंत्यांनी प्रश्नच बदलला. पावडर किती ओढली जाते हे पाहण्याऐवजी ती माप भरून द्यावी असे त्यांनी ठरवले. यातून 'डेन्स फेज' म्हणजे दाट प्रवाहाचे पंप आले. आज नॉर्डसन आणि गेमा यांसारख्या कंपन्या ते बनवतात.

त्यात लहान कोठ्या असतात आणि कोठीची भिंत सच्छिद्र नळीची असते. भिंतीतून हवा शोषली की कोठीत पावडर येते. छिद्रे बारीक असल्यामुळे ती भिंतीपलीकडे जाऊ शकत नाही. मग रबरी नळी चिमटणारी झडप मागची वाट बंद करते, पुढची उघडते आणि त्याच सच्छिद्र भिंतीतून दाबाची हवा येऊन पावडरीची गोळी पुढे ढकलते. एक कोठी भरत असताना दुसरी रिकामी होते. हे चक्र सेकंदाच्या काही अंशांत पुरे होते. एका वेळी माप ठरलेले आणि मिनिटाला किती मापे टाकायची ते नियंत्रक ठरवतो. जुन्या पायलीचाच न्याय हा, फक्त पायली सेकंदाला कित्येकदा भरते आणि तिला शीग लावायला हात नसतो.

हवा फारच कमी लागत असल्यामुळे होज बारीक चालतो आणि गनमधून सुटणारा ढग मंद असतो. तो कोपऱ्यात शिरतो, बसलेली पावडर उडवत नाही. मात्र दोन कोठ्यांच्या आळीपाळीने धारेत जो ठोका येतो तो सपाट करणे, हा या पंपाचा नवा प्रश्न झाला. कोठ्यांची वेळ एकमेकांवर थोडी चढवणे, त्यांचे प्रवाह गनआधी एकत्र आणणे, चक्र लहान आणि जलद करणे, हे त्यावरचे उपाय. झीज इथेही आहेच. चिमटणाऱ्या झडपांचे रबर थकते, सच्छिद्र भिंत हळूहळू तुंबते. पण इथे ती झीज वेळापत्रकात धरता येते. इतक्या चक्रांनंतर भाग बदला, असे यंत्रच सांगते. जी गोष्ट मनगटाला कळत होती आणि कुणाला सांगता येत नव्हती, ती आता आकड्यात आली.

दोन कल्पनांचा इतिहास

सव्वादोनशे वर्षांच्या या वाटेवर मला दोन कल्पना दिसतात. पहिली म्हणजे भुकटीला हवा देऊन तात्पुरते पाणी बनवा आणि पाण्यासारखे ओढा. व्हेंचुरी, जिफार, विंकलर हे तिचे पूर्वज. दुसरी म्हणजे भुकटी ही भुकटीच आहे हे मान्य करा आणि तिला मापाने द्या. पहिली स्वस्त, साधी आणि माणसाच्या हातावर विसंबणारी. दुसरी महाग, गुंतागुंतीची आणि हातावरचा भार हलका करणारी. दुसरीने पहिलीला हटवलेले नाही. मोठ्या वाहन कारखान्यांच्या रंगशाळेत माप देणारा पंप असतो आणि त्याच कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये अनेकदा गळ्याचा पंप चालतो. दोन्ही ठिकाणच्या भागांवर थराची जाडी तपासणारे यंत्र मात्र एकच असते आणि अपेक्षाही तीच.

म्हणून हा प्रश्न मला फक्त तंत्राचा वाटत नाही. गळा झिजल्याचा दोष हातावर जातो, कारण हाताला नाव असते आणि इन्सर्टला नसते. यावर उपाय साधा आहे आणि त्याला महागडा पंप लागत नाही. आठवड्यातून एकदा गन पिशवीत धरून मिनिटभर चालवावी, पिशवी वजनकाट्यावर ठेवावी, आकडा तारखेसह वहीत लिहावा आणि इन्सर्ट बदलला की तेही लिहावे. मी ज्या थोड्या शेडमध्ये अशा वह्या पाहिल्या, तिथे रिजेक्शनचा वाद वहीपुढे मिटत असे, कारण घटत जाणारे आकडे आणि पावसाळ्याचे महिने त्यात कुणालाही दिसत. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याला पेटंटांइतकाच या वह्यांचाही उपयोग आहे. पेटंट पंप कसा चालावा ते सांगते. तो प्रत्यक्षात कसा चालला हे त्या वह्यांतच सापडते, आणि त्या रद्दीत जाण्याआधी कुणीतरी जपून ठेवायला हव्यात.